राखाडी भिंतीचा अंगरखा

मित्रांनो, मी एक जुना, राखाडी अंगरखा आहे. माझे कापड किर्यू गावच्या हातमागावर विणले गेले. परंतु माझे रूप घडले ते एका इमारतीवरून.

ती इमारत म्हणजे गावचे वाचनालय. सेइगो नामक स्थापत्यकाराने ते उघड्या काँक्रीटचे बांधले होते. दर्शनी बाजूस एक तिरकी भिंत दुसरीवर आलेली, आणि दोहोंच्या अंगावर लाकडी फळ्यांचे उभे ठसे. कालांतराने ते पाडण्याचे ठरले. निरोप-समारंभास जाण्यास सेइगो तयार होईनात. "पोटच्या पोराच्या मयताला कुणी पत्रिका धाडून बोलावतं का?" असे ते म्हणत.

त्यांची कन्या चिगुसा शिवणकाम करीत असे. वडिलांनी जावे, आणि ताठ मानेने जावे, यासाठी तिने मला योजिले. फळ्यांच्या ठशांसाठी बारीक धावदोरा घातला. वाचनालयाचे छायाचित्र समोर ठेवून, भिंतीवर भिंत तसा छातीवर माझ्या पुढच्या दोन बाजूंचा पल्ल्यावर पल्ला बेतला.

समारंभाच्या सकाळी सेइगोंनी केवळ मुलीच्या शब्दाखातर मला अंगात चढविले. रेषेला रेषा जुळली. इतक्यात त्यांची थोरली बहीण फुसाए चहा घेऊन आली आणि दारातच किंचाळली.

"अगं कार्टे! बापाला जितेपणी तिरडीवर घालतेस? उजवा पल्ला वर!"

आमच्याकडे जिवंत माणसाचा डावा पल्ला वर असतो. उजवा वर घेतात तो केवळ प्रेताचा.

"आत्या, भिंत तशीच आहे गं. मी भिंतच बघत बसले."

"भिंतीला मेलीला काय कळतंय! तुला कळायला नको?"

चिगुसा रडवेली होऊन मला उतरवू लागली. आता हे गृहस्थ घरीच बसणार, असे मला वाटले. परंतु सेइगोंनी तिचा हात धरला आणि स्वहस्ते डावा पल्ला वर घेतला. छातीवरच्या साऱ्या रेषा तुटल्या.

"बाबा, भिंत मोडली."

"मोडू दे. ती उद्या मोडणारच आहे. मी अजून आहे, एवढं लोकांना दिसलं म्हणजे झालं. ताई, माझे बूट कुठं ठेवलेस?"

आणि ते समारंभास गेले.

आज त्या जागी वाहनतळ आहे. माझी कोपरे विरली आहेत. चिगुसा त्यांना ठिगळ लावते. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी हाताने शिवलेले, थोडेसे चुकलेले वस्त्र असेल. चूक दिसते म्हणून ते पेटीच्या तळाशी दडपू नका. उन्हात घाला, उसवल्यास शिवा, आणि अंगावर वागवा. माणसाच्या उबेसाठीच तर आम्हांला शिवतात.