नववा ग्रह आणि आईचा आवाज

“आणि बाळांनो, सगळ्यांत लांब नववा ग्रह, प्लूटो!” तारांगणाच्या काळोखात वारलेल्या आईचा ध्वनिमुद्रित आवाज घुमला, की हल्लीची मुलं ओरडायची, “आठच!” यंत्र चालवणाऱ्या बाबांचा जीव खालीवर व्हायचा.

आज लेक आईच्या आवाजाऐवजी लावायचं नवं निवेदन ध्वनिमुद्रित करायला बसली होती आणि बाबा घडीघडी तिला थांबवत होते. “पंखा ऐकू येतोय. आता माईक खरखरतोय.”

“बाबा, प्लूटो काय पळून गेलाय? आहे तिथंच फिरतोय. ग्रह कशाला म्हणायचं, ते माणसांनी नव्यानं ठरवलं, एवढंच. आईनं तर लगेच सुधारलं असतं.”

“सुधारलं असतं गं.” बाबांनी बटणावरचं बोट काढलं. “पण मी इथं यंत्र चालवायला येतच नाही. अंधारात तिच्याशेजारी बसायला येतो.”