बारमाही नाला आणि पेटती वात

मी एक जुना नाला आहे. नाक दाबू नका, मित्रांनो! शहरातल्या नाल्यांशी माझी सोयरीक नाही. हुडकेश्वरच्या शिवारात, काळ्या खडकाच्या फटीतून माझा जन्म झाला. वैशाखात विहिरी तळ दाखवत, तरी मी वाहतच असे. गावातल्या बाया मला 'बारमाही' म्हणत आणि मी मनातून फुलून जाई.

बहात्तरच्या दुष्काळानंतर उन्हाळा आला आणि माझी धार करंगळीएवढी झाली. एक घागर भरायला सकाळची दुपार होई. रोज भांडणं जुंपत. सरपंच चंपतराव माणूस भला, पण उतावळा. रस्त्याच्या कामावरचा सुरुंगवाला ते घेऊन आले.

"फट मोठी केली का पाणी बी मोठं येते गा," ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या.

मला धडकी भरली. त्या खडकानेच तर मला अडवून धरलं होतं. तो खालून तडकला असता, तर मी जमिनीत उतरून कायमचा नाहीसा झालो असतो. पण मला ओरडता कुठे येतं?

खडकाला भोक पाडलं. दारू ठासली. वात पेटवून सगळे बांधाआड पळाले. पाण्याला आलेली वच्छलाबाई मात्र भरत आलेल्या घागरीजवळून हलली नाही.

"सरक वं वच्छला! वात पेटली, तुले दिसून नाही राहिलं का?" चंपतराव ओरडले.

"काहून सरकू, भाऊ? हे पाणी खाली पळालं, त कोणामागं धावू मी? घरी लेकरं तहानली हायेत!"

वात सुरसुरत भोकाजवळ आली. वच्छलाबाईने घागर उचलली आणि सगळी वातीवर ओतली. फुस्स झालं. मग चंपतराव पुढे आले आणि त्यांनी ओली वात उपटून फेकली. आता ते तिच्यावर खेकसणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तिची रिकामी घागर माझ्या धारेखाली लावली आणि ती भरेपर्यंत उन्हात उभे राहिले.

पुढे सुरुंगाचा नाद सोडून गावाने माझा गाळ हातांनी उपसला. मी अजून वाहतो आहे.

पण मित्रांनो, शहर आता इकडे सरकतंय. काल काही माणसं आली आणि घरांच्या लेआउटसाठी माझ्या उगमावरूनच चुन्याची रेघ मारून गेली. मला फार भीती वाटते. वच्छलाबाई थकली, तिच्याने आता घागर उचलवत नाही. तुम्हाला उचलवेल का?