अहिंसेच्या शूटिंगला कमळीची काठी

विवळवेढ्याच्या डोंगराखालच्या पाड्यावर तेलुगू सिनेमाचं शूटिंग आलं, आणि सिनेमा कशाचा, तर अहिंसेचा. आता बोला! जमीनदाराची माणसं लाठ्या घेऊन गावावर येतात, गावकरी हात जोडून बसून राहतात, एकही जण उलट हात उचलत नाही, आणि शेवटी मारणाऱ्यांनाच लाज वाटते. चारोटीच्या हॉटेलात उतरलेल्या असिस्टंटने मोडक्या हिंदीत ही गोष्ट सांगितली तेव्हा बायका हसून हसून बेजार झाल्या. कमळी मात्र हसली नाही. तिने फक्त विचारलं, मारायला कोण आणि बसायला कोण?

बसणाऱ्यांत विनोद होता. असणारच! ट्रॅक्टरवाला विनोद, कुठे फोटो निघतोय म्हटलं की सगळ्यांच्या पुढे. पांढरं धोतर मिळालं, पहिली रांग मिळाली, तसा जन्मात कधी माशी मारली नसल्यासारखा मांडी घालून बसला. कमळी उंच, हाडापेराने दणकट, म्हणून तिला जमीनदाराच्या बाजूच्या लाठीवाल्या बायकांत घेतलं होतं.

ह्याच विनोदने कमळीच्या खळ्यावरचं भाताचं उडवं जाळलं होतं. २०१४ची दिवाळी होऊन गेलेली, कापलेले भारे उडव्यात रचून ठेवलेले, झोडायचं तेवढं बाकी. विनोदला ट्रॅक्टरसाठी खळ्यावरून वाट हवी होती आणि कमळीचा नवरा लाहू देत नव्हता. मग एके दुपारी उडवं पेटलं. विनोद बांधावरून पळाला ते कमळीने डोळ्यांनी पाहिलं. पण मेला पंचांपुढे भाताचे दाणे ओंजळीत घेऊन म्हणाला, ‘लाहूच तिथे विडी ओढत होता.’ लाहू विडी ओढत होता, तेवढं खरं होतं. भात म्हणजे कणसरी देवी, तिचे दाणे हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही, असं पंचांतले म्होरके सुकऱ्याबाबा म्हणाले आणि तिथेच निकाल लागला. बायकोची साक्ष कोण धरतो?

कणसरी जाळली म्हणून लाहूला कुणी पेरणीला बोलवेना, लग्नात पंगतीला बसवेना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे लाहूलाही ते पटलं. तो झाईला बोटीवर खलाशी म्हणून गेला तो गेलाच. वर्षातून एकदा यायचा, खाली मान घालून जेवायचा आणि परत जायचा. ‘अरे, मी पाहिलंय त्याला!’ असं कमळीने कितीदा सांगितलं. तो म्हणायचा, ‘उगाच माझी समजूत काढू नको.’ विनोदने गावासमोर तोंडाने कबूल करावं आणि लाहूने ते कानाने ऐकावं, एवढंच कमळीला हवं होतं. त्याआधी विनोदची दोन हाडं मोडावीत, हेही हवं होतं. खोटं कशाला बोला!

शूटिंगच्या लाठ्या थर्माकोलच्या, वरून तपकिरी रंग दिलेल्या. कमळीने आपली लाठी कुंपणापलीकडे टाकली आणि घरातून उडीद झोडायची काठी आणली. रंग तोच, कुणाला कळलं नाही. असिस्टंट ओरडला, “कुछ भी बोलो, आवाज बाद में डालेंगे!” कॅमेरा सुरू झाला, बायका धावल्या. विनोदसमोर शेजारची सोमी उभी राहिली होती.

“सोमे, सर बाजूला. हा माझा,” कमळी म्हणाली.

विनोद डोळे मिचकावून हसला. “मार गं, कमळे. जोरात मार.”

कमळीने काठी उगारली आणि त्याच्या मांडीला लागून असलेल्या पाण्याच्या मडक्यावर घातली. मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या, पांढरं धोतर चिंब भिजलं, आणि विनोदचं हसू गेलं ते गेलंच.

“पुढची डोक्यात,” ती वाकून म्हणाली. “हात उचलायचा नाही, तुझ्या सिनेमात तसंच आहे. उडवं कुणी पेटवलं, बोल.”

त्याने डायरेक्टरकडे पाहिलं. डायरेक्टर खूश होऊन मान डोलावत होता. कमळीने काठी पुन्हा वर नेली. ह्या वेळी तिची नजर त्याच्या टाळक्यावर होती, हे विनोदला दिसलं.

“मारू नको! मी पेटवलं! कमळे, उडवं मी पेटवलं!”

गावकरी जोडलेले हात सोडून विनोदकडे बघायला लागले. एकटा डायरेक्टर टाळ्या वाजवत होता. असिस्टंट धावत आला, “बहुत बढ़िया! वन मोर!” आणि विनोद धोतर सावरत उठायला लागला.

“बस खाली,” सुकऱ्याबाबा म्हणाले. म्हाताऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. “साहेब परत म्हणतोय ना? मलाही नीट ऐकू आलं नाही.”

कमळीने सोमीला हाक मारली. “झाईला फोन लाव. लाहूला म्हणावं, असशील तसा निघ.”

मग काय विचारता! दुसऱ्या वेळी कमळी कॅमेऱ्यातच बघत बसली. तिसऱ्या वेळी चुकीच्या जागी उभी राहिली, पुढे पदर तोंडावर आला, मग हसायलाच आलं. दर वेळी नवं मडकं फुटायचं, दर वेळी विनोद रडत कबूल करायचा. डायरेक्टर कमळीवर तेलुगूत खेकसत होता आणि विनोदच्या रडण्यावर खूश होत होता. जेवणाच्या सुट्टीत विनोद पंगतीत बसला, तर दोन्हीकडची माणसं पत्रावळी उचलून लांब गेली. कमळी पोटभर जेवली.

उन्हं कलताना लाहू आला. अंगावर बोटीवरचाच बनियन, मासळीचा वास. सोमी त्याला हाताला धरून पुढे घेऊन आली. त्या वेळी कमळीने काहीच चूक केली नाही. धावली, मडकं फोडलं, काठी उगारली. विनोदला लाहू दिसला आणि त्याने मान फिरवली.

“त्याच्याकडे बघून बोल,” कमळी म्हणाली.

“लाहूदादा... मी पेटवलं. तुझ्या विडीने काही झालं नव्हतं.”

लाहू मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन मोठ्याने रडला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. सुकऱ्याबाबा त्याच्याजवळ जाऊन खाली बसले.

डायरेक्टरने ओके म्हटलं. दिवे उतरवायला माणसं पुढे झाली. लाहूने डोळे पुसले आणि कमळीच्या हातातल्या काठीला हात घातला. “पुरे आता, कमळे. सोड त्याला.”

“तुला पुरे असेल,” कमळीने काठी ओढून घेतली आणि असिस्टंटकडे वळली. “साहेब, माझं चुकलं. परत घ्या.”

असिस्टंटने काही म्हणायच्या आतच विनोद हात जोडून खाली बसला.