डाव्या हाताची ढील

बापूरावची बुलेट तिसऱ्यांदा परत आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दोरीनं बांधून. आरमोरीत वडशाच्या रस्त्यावरच्या आपल्या दुकानात दसरू मडावी तेव्हा पाना पुसत उभा होता. गाडी ओळखून त्यानं पाना खाली ठेवला आणि ती उतरवायला फळी आणायला गेला.

ज्यांचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो अशा जुन्या बुलेटी आरमोरीच्या बाजूला आता थोड्याच उरल्या आहेत. नव्या दुकानांत त्यांना कोणी हात लावत नाही. त्या सगळ्या दसरूकडे येत. त्यातही क्लचचं काम असलं की वैरागडपासून वडशापर्यंतचे लोक डोळे मिटून गाडी त्याच्या दारात लावत आणि टपरीवर जाऊन बसत. चहा संपेपर्यंत दसरूला दुखणं सापडलेलं असे.

बापूराव धानाचा शेतकरी, कमी बोलणारा. गाडी त्याच्या वडिलांची. ती विकायचा विषय घरात निघाला की तो उठून बाहेर जाई.

"अजून तेच हाय," तो म्हणाला. "रेस देतो तं इंजिन बोंबलते अन् गाडी जाग्यावर. शंकरपटाची बैलशर्यत पाहून येताना ढकलत आनली."

"प्लेटी नव्या टाकल्या ना भाऊ आपन."

"तूच टाकल्या. दोन डाव."

तो रागानं बोलला नव्हता. दसरूनं गाडी स्टँडवर घेतली आणि किक मारली. पाय अडकल्याशिवाय सरळ खाली गेला. या जुन्या गाड्यांत किकचा जोरही क्लचमधूनच इंजिनपर्यंत जातो. किक अशी मोकळी पडली म्हणजे क्लच पकडत नाही यात शंका नाही. त्यानं खाली परात ठेवली, डाव्या अंगाचं झाकण काढलं. तेल काळं येत होतं आणि जळका वास सुटला होता. दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जत्रा भरतात त्या दिवसांत टाकलेल्या प्लेटी जळाल्या होत्या, तशाच मळणीनंतर टाकलेल्या याही. काचेसारख्या गुळगुळीत.

प्लेटी नकली असतील म्हणावं तर दुसऱ्या वेळी दुकान बदललं होतं. तेल जास्त झालं असेल, तर ते मापातच निघालं. स्प्रिंगा त्यानं एका रांगेत उभ्या करून पाहिल्या. सगळ्या सारख्या उंचीच्या. आता राहिली ती फक्त ढील. क्लच दाबताना लिव्हर आधी थोडी मोकळी हलली पाहिजे, दोन रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी, आणि मगच वायर ताणली पाहिजे. तेवढी ढील नसेल तर हात न लावताही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटी घसरून घसरून जळतात. शिकाऊ माणूसही ही चूक करत नाही.

दसरूनं क्लच परत जोडून झाकण तात्पुरतं बसवलं आणि हँडलवर डावा हात ठेवला. त्याची पद्धत ठरलेली होती. अंगठा आणि पहिल्या बोटानं ॲडजस्टर फिरवायचा आणि त्याच वेळी शेवटची दोन बोटं लिव्हरवर ठेवून ढील पाहायची. पंचवीस वर्षं तो असंच करत आला होता.

"ढील हाय," तो म्हणाला.

बापूरावनं बाजूनं हात घालून लिव्हर चाचपली. मग दसरूकडे पाहिलं.

"कुठी हाय? ही तं ताणून हाय, दसरू."

दसरूनं उजवा हात लावला. लिव्हर दगडासारखी होती, केसभरही मोकळी नव्हती. पुन्हा डावा लावला. डाव्या हाताला ती ताठही वाटेना, सैलही वाटेना. तिथं काही नव्हतंच. बोटं लिव्हरवर आहेत हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं, तेवढंच.

त्यानं हात उलटा केला. करंगळीखालच्या तळव्यावर फोड येऊन फुटला होता आणि त्यात ग्रीस भरलं होतं. सायलेन्सरनं भाजलं असणार. कधी, ते त्याला माहीत नव्हतं.

"हाताले काय झालं?" बापूरावनं विचारलं.

"भाजला."

"दुखते का?"

"नाई," दसरू म्हणाला. ते खरंच होतं.

त्या दिवशी त्यानं नव्या प्लेटी टाकल्या आणि ढील उजव्या हातानं लावली. गाडी गुरगुरत नीट निघून गेली. ती गेल्यावर त्यानं स्पोक घासून त्याचं टोक केलं आणि डाव्या करंगळीत टोचलं. रक्ताचा थेंब आला. अनामिकेत टोचलं. मधल्या बोटाशी आल्यावर मात्र लागलं. त्यानं स्पोक खिळ्याला अडकवून ठेवला आणि पुढच्या गाडीचं चाक खोलायला घेतलं.

घाबरायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण भीती वाटेना. आपलं काही बिघडलं आहे ही गोष्ट तो कुणा दुसऱ्याची म्हणून ऐकल्यासारखी मनात धरून होता. घरी त्यानं काही सांगितलं नाही. काम चालू ठेवलं, फक्त क्लच उजव्या हातानं पाहू लागला. गिऱ्हाइकांच्या ते लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते त्याच्या बायकोच्या, सुकरीच्या. एका सकाळी चहा उतू जायला लागला आणि दसरूनं पातेलं डाव्या हाताच्या कडेनं रेटून चुलीवरून बाजूला केलं. सुकरी फडकं घेऊन धावली होती, ती तशीच उभी राहिली.

"तुमाले चटका नाई बसला?"

"बसला ना."

"नाई बसला. मी पायलं तुमच्या तोंडाकडे."

तिनं त्याचा हात ओढून पाहिला, जुना फोड पाहिला, बाही वर सारली. कोपराच्या खाली तळहाताएवढा फिकट चट्टा होता. दसरूला तो माहीत होता. पेट्रोलनं कातडीचा रंग उडाला असेल असं त्यानं धरलं होतं. तिनं बाही खाली सारली. दुपारी ती वॉर्डातल्या आशा सेविकेला, दिव्यानीला, दुकानातच घेऊन आली.

दिव्यानी दोघांच्याही ओळखीची. तिनं खुर्ची ओढली, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पर्समधून पेन काढलं.

"दसरूभाऊ, डोळे मिटा. पेनाचं टोक जिथी लागन तिथी बोट ठेवा."

दसरूनं डोळे मिटले. रस्त्यावरून तांदळाचा ट्रक गेला. तो वाट पाहत राहिला.

"सुरू करा ना ताई," तो म्हणाला.

दिव्यानीनं पेन बंद केलं. त्यानं डोळे उघडले तेव्हा चट्ट्यावर आणि करंगळीवर निळे ठिपके दिसत होते, बरेच. सुकरीनं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

"सरकारी दवाखान्यात चला उद्या," दिव्यानी म्हणाली. "मी येतो संगं. महारोग असन तं गोळ्या फुकट भेटतात, पूर्न बरा होते. गोळ्या सुरू झाल्या का दुसऱ्याले लागत नाई. हे आता घरातल्या घरात धरून बसू नका."

"बरं," दसरू म्हणाला.

संध्याकाळी सुकरी आपल्या आईशी फोनवर गोंडीत बोलत होती. रोगाचा तो एक शब्द मात्र तिनं मराठीत उच्चारला आणि आवाज खाली घेतला. दसरू बाजेवर बसून ऐकत होता. गोंडीतलं सगळं त्याला समजत होतं. त्या मराठी शब्दाशी येऊन त्याचं ऐकणं थांबलं आणि मग त्याला आठवलं की उद्या वडशाच्या एका गाडीचं इंजिन उतरवायचं आहे.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी चट्टा पाहिला, दोन्ही हात पाहिले, पाय पाहिले. कोपराच्या मागं बोट फिरवलं तेव्हा आत सुतळीसारखं काहीतरी सरकलं आणि दसरूच्या दंडापर्यंत कळ गेली. बऱ्याच दिवसांनी त्या हातात काहीतरी दुखलं होतं.

"नस सुजली आहे," त्या म्हणाल्या. "रोगाची काळजी करू नका, वर्षभर गोळ्या घेतल्या की तो जाईल. घरातल्यांनाही आपण तपासू. पण एक नीट सांगा. बोटांचा बधिरपणा कधीपासून आहे?"

"सांगता येत नाई."

"अंदाजे? सहा महिन्यांच्या आतला असेल तर नसेसाठी वेगळ्या गोळ्या देता येतात, आणि जाणीव परत यायची बरीच आशा असते. जुना असेल तर त्या गोळ्यांचा फायदा होत नाही, त्रास मात्र होतो."

दसरू विचार करत राहिला. दुखणं सुरू झालं तर माणसाला कळतं. हे कधी सुरू झालं ते त्याला कळलंच नव्हतं. सुकरीनं दसरा विचारला, दिवाळी विचारली, धान कापणी विचारली. त्याला काही सांगता येईना.

"आठवून या," डॉक्टरबाई म्हणाल्या. रोगाच्या गोळ्यांची पहिली मात्रा त्यांनी समोरच घ्यायला लावली.

परतताना सुकरी गाडीवर मागं बसली होती. बाजाराच्या गर्दीत क्लच दाबताना दसरूच्या मनात आलं की आपल्याला आठवत नसलं तरी गाड्यांना माहीत असेल. बापूरावची बुलेट पहिल्यांदा मंडईच्या दिवसांत आली होती. तेव्हाच तिला ढील ठेवली गेली नव्हती. म्हणजे मंडईला हात गेलेलाच होता. पण त्याच्या आधी?

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही. पावसाळ्यापासून कुणाकुणाच्या क्लचला हात लावला ते तो सुकरीला सांगत गेला आणि दोघं निघाले. आधी वैरागड. तिथल्या गुरुजींची बुलेट मळणीच्या वेळी केलेली. लिव्हर ताठ. गुरुजी म्हणाले, गाडी म्हातारी झाली, चढावर ओढत नाही. दसरूनं उजव्या हातानं ढील लावून दिली आणि म्हणाला, आता ओढेल. मग वडसा. नाटक कंपनीच्या गॅसबत्त्या आणि पडदे वाहणाऱ्या माणसाची गाडी दिवाळीत केली होती, नाटकांचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर. तीही ताठ, प्लेटी जळायला आलेल्या. तिथंही त्यानं ढील लावली. माणसानं विचारलं, काऊन आले भाऊ मुद्दाम? दसरू म्हणाला, इकडून जात होतो.

सुकरी प्रत्येक ठिकाणी थोडी दूर उभी राहून त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं.

उरलं एकच गिऱ्हाईक, पोचू. तो आरमोरीचाच, पण घुग्घुसला कोळसा खाणीत पाळीवर जातो आणि वर्षातून दोनदा गावी येतो. त्याच्या बुलेटचा क्लच दसऱ्याच्या सुट्टीत केला होता. वडशाच्या स्टेशनाबाहेर रसवंतीच्या बाकावर बसून दसरूनं त्याला फोन लावला.

"गाडी जवळ हाय का?"

"हाय ना. पाळीवर निघून राह्यलो."

"क्लच दाबू नको एकदम. हलकेच बोट लाव. वायर ताणायच्या आधी लिव्हर मोकळी हलते का?"

फोनमधून ट्रकांचे हॉर्न येत होते.

"हलते."

"किती?"

"थोडीशी. नाण्याएवढी असन. काऊन, काही बिघाड हाय का?"

"तू अडजस्ट केला काय मधात? कोनाले दाखवला?"

"नाई बा. तुमच्यानंतर हात नाई लावला कोनी. मस्त चालून राह्यली."

"चालव मंग," दसरू म्हणाला आणि फोन ठेवला. प्लेटी झिजल्या की ढील कमी होते, हे त्यानं हिशेबात धरलं. एवढे महिने चालूनही ती नाण्याइतकी उरली आहे म्हणजे दसऱ्याला त्यानं ती बरोबर लावली होती. त्या दिवशी करंगळीला लिव्हर लागत होती.

"दसऱ्याले हात होता," तो सुकरीला म्हणाला. "दिवाळीत नव्हता."

सुकरीनं बोटांवर महिने मोजले. सहा भरले नव्हते. मग ती रडली, रसवंतीच्या बाकावरच, पदर तोंडात धरून. दसरू तिच्या शेजारी बसून राहिला. आपणही आता काहीतरी करायला हवं असं वाटून त्यानं उसाच्या रसाचे दोन ग्लास मागवले.

डॉक्टरबाईंना त्यानं तेच सांगितलं, दसरा आणि दिवाळीच्या मधात. इतकं नेमकं कसं आठवलं, असं त्यांनी विचारलं. गाड्या पाहून, तो म्हणाला. त्यांनी मान डोलावली आणि नसेसाठीच्या गोळ्या लिहून दिल्या. गरम वस्तूला डावा हात लावायचा नाही, हातमोजा घालायचा, रोज संध्याकाळी हात डोळ्यांनी पाहायचा, असं बजावलं.

सगळ्यांना सांगायची गरज नाही असं दिव्यानीनं म्हटलं होतं. पण बापूरावच्या दोन जोड प्लेटी दसरूच्या हातानं जळल्या होत्या. बापूराव तेल बदलायला आला तेव्हा दसरूनं त्याला सांगून टाकलं.

"तुमच्या गाडीत काई नव्हतं भाऊ. माया हातात होतं. महारोग निंगाला."

बापूरावनं टाकीवरची धूळ तळव्यानं पुसली.

"मंग गाडी आता कोनाले दाखवू?" त्यानं विचारलं.

"मलेच दाखवा. उजव्या हातानं पायतो."

"बरं," बापूराव म्हणाला.

पावसाळा आला, धानाची रोवणी झाली. अनामिकेत आधी मुंग्या आल्या, मग थंड-गरम कळू लागलं. करंगळीत अजून काही आलं नाही, आणि ती थोडी आत वळली आहे. गोळ्यांनी दसरूचा रंग काळवंडला. वडशाची दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. बाकीच्यांना काही माहीत असलं तरी ते बोलत नाहीत. सुकरी संध्याकाळी त्याचा हात दिव्याखाली धरून उलटा-सुलटा करून पाहते.

बापूराव येत राहिला. पूर्वी तो गाडीची चावी दसरूच्या हातात द्यायचा. आता टाकीवर ठेवतो आणि टपरीकडे जातो. दसरूला ते दिसतं. त्याचं वाईट वाटतं की नाही, हे त्याला अजून नीट सांगता येत नाही. तो चावी उचलतो, हातमोजा चढवतो आणि किक मारून आधी आवाज ऐकतो.