चाकाखाली अडकलेला ठोकळा

मी एक जुना, बाभळीच्या लाकडाचा ठोकळा आहे. उभी गाडी उतारावरून घरंगळू नये म्हणून चाकाला उटी लावतात ना मित्रांनो, ती उटी म्हणजे मी. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं निमुळता. दिसायला देखणा नाही आणि स्वभावानं जरा आडमुठाच आहे. पण ज्याचं कामच अडून बसण्याचं, त्यानं दुसरं काय असावं?

फुलसावंगीच्या बाजारात उकंडाभाऊ बैलगाड्या दुरुस्त करायचे. एका मोडक्या गाडीच्या आखाचा उरलेला तुकडा त्यांनी तासला आणि मला घडवलं. जन्मलो चाकं पेलणाऱ्या लाकडातून, आणि नशिबी आलं चाकं अडवणं. मला नेलं रामलालनं. तो जवळच्याच तांड्यावरचा. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. रामलालकडे बैलांऐवजी ट्रक होता, एवढाच काय तो फरक.

आम्ही कापूस घेऊन पुसदला जायचो, कोळसा भरायला वणीच्या रांगेत उभे राहायचो. चढावर ट्रक थांबला की क्लीनर मला घेऊन खाली उडी मारायचा. पुष्कळ ड्रायव्हर चाकाखाली दगड लावतात आणि निघताना तो भर रस्त्यात सोडून जातात. मागून येणाऱ्याचं मग काहीही होवो. रामलालनं मला असं कधीच टाकलं नाही. मी गाडीत चढलो की नाही हे आरशात पाहिल्याशिवाय तो गाडी हलवायचा नाही.

एकदा ट्रकचा हँडब्रेक तुटला. धरमसिंग मिस्त्री म्हणाला की टाकून घे नवा. रामलाल म्हणाला, "कायले? उटी हाय न." हे ऐकून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तेव्हापासून हँडब्रेकचा दांडा नुसताच उभा राहिला. रामलालची बायको बिजलीबाई त्याला डब्याची पिशवी अडकवायची. त्यांची मुलगी अंजू शाळेला सुट्टी असली की गाडीत बसायची आणि आपली ओढणी त्याच दांड्याला टांगायची. त्या घरात ती एक खुंटीच होती म्हणा ना.

मग साखरेच्या आजारानं रामलालचे डोळे गेले. अगदी अंधार नाही, पण समोरचं सगळं धुरकट. डॉक्टरांनी परवान्यासाठी सही द्यायला नकार दिला. त्यानं ट्रक शेवटचा चालवत आणला तो तांड्याच्या तोंडाशी, उतारावर उभा केला आणि मला मागच्या चाकापुढे ठोकून बसवलं. तेव्हापासून मी तिथेच अडकलो.

मित्रांनो, अडकणं म्हणजे काय ते मला विचारा. मानेवर अख्ख्या ट्रकचं ओझं. पावसाळ्यात खालून चिखल, उन्हाळ्यात तापलेली माती. माझ्या अंगावरून मुंग्यांची रांग जायची, कुशीत वाळवी शिरायची, आणि खाजवायला हात नाहीत. सुटावं असं फार वाटायचं. पण समोर उताराच्या पायथ्याशी हंसाबाईचं घर होतं, अंगणात तिची नातवंडं खेळायची. मी जरा सरकलो असतो तर? म्हणून सुटण्याची नुसती इच्छा करायलाही मला भीती वाटायची.

रामलालचा भाऊ भीमसिंग म्हणू लागला की उभ्या ट्रकला गंज खातो, भंगारात देऊन टाकू. अंजू तोवर मोठी झाली होती. ट्रॅक्टर चालवायची, त्याचा परवानाही होता तिच्याजवळ. ती म्हणाली, ट्रक मी चालवीन. तांड्यावर हसं झालं. भीमसिंग मात्र हसला नाही. तो म्हणाला की मोठ्या गाडीच्या प्रशिक्षणाला लेखी परीक्षा असते, ती कापसाच्या हंगामाआधी पास झालीस तर ट्रक राहील, नाहीतर भंगारवाला येईल. अंजूनं ते कबूल केलं.

रोज संध्याकाळी ती माझ्याजवळच, चाकाला पाठ टेकून बसायची आणि प्रश्न मोठ्यानं वाचायची. रामलाल बाजेवरून उत्तरं द्यायचा. बिजलीबाईला अक्षरओळख नाही, पण एवढी वर्षं नवऱ्याचं बोलणं ऐकून तीही मध्येच उत्तर द्यायची आणि बरोबर आलं की रामलालकडे बघून हसायची. एकदा प्रश्न आला, उतारावर गाडी उभी करताना काय कराल? तिघंही एकदम म्हणाले, "उटी लावू!" पर्यायही न वाचता अंजूनं पान उलटलं. मी चाकाखाली दबलेला होतो, तरी तेवढ्यापुरता राजा झालो.

अंजू नापास झाली.

ती परत आली आणि चाकाला पाठ टेकून बसली. मग बापाला म्हणाली, "बा, उतारावरचे सारे सवाल चुकले. हँडब्रेक वढायचा, गाडी गिअरात ठेवायची, अन् मंग उटी. म्या सगळीकडं नुसती उटीच लिवली. हँडब्रेकचं चित्र होतं, मले थे वळखूच नाई आलं. आपल्या घरी त्याले पिशवी टांगते न."

बिजलीबाईनं पदर तोंडाला लावला. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि अर्धा मी होतोच. पोरीच्या वाटेत शेवटी मीच आडवा आलो होतो. पुढची परीक्षा हंगामाआधीच होती, पण अवकाश थोडा होता. भीमसिंगनं भंगारवाल्याला निरोपही धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामलालनं धरमसिंग मिस्त्रीला बोलावलं आणि स्वतः ट्रकखाली शिरला. दिसत नव्हतं, हातानं चाचपत होता. मिस्त्री सांगायचा, हा सरकत सरकत पाना लावायचा. मध्येच त्याचा तेलकट हात माझ्यावर पडला. त्यानं मला ओळखलं, थोडं थोपटलं आणि पुन्हा कामाला लागला. दुपारपर्यंत नवी तार बसली. बिजलीबाईनं दांड्यावरची पिशवी काढली, दांडा पुसून घेतला. अंजूनं तो ओढला तसा करकर आवाज आला आणि माझ्या मानेवरचं ओझं किंचित हललं. त्यानंतर ती रोज केबिनमध्ये बसून अभ्यास करू लागली. प्रत्येक पर्याय शेवटपर्यंत वाचायची, आणि प्रश्न उताराचा असला की आधी दांडा ओढायची, मग उत्तर द्यायची.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी भंगारवाला येऊन ट्रकला प्रदक्षिणा घालत होता, टायर ठोकून बघत होता. तेवढ्यात अंजू रस्त्यावरून चढून आली. ती धापा टाकत होती. सरळ बापापाशी गेली आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाली की पास झाले. भीमसिंगनं दिलेला शब्द पाळला. भंगारवाल्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पुढे गाडी चालवण्याची परीक्षाही झाली, परवाना आला, मिस्त्रीनं इंजिन दुरुस्त करून दिलं, कापूसही वेचून तयार झाला. निघायच्या दिवशी अंजूनं ट्रक जरासा मागे घेऊन हँडब्रेक ओढला. रामलालनं मला हातोडीनं ठोकत ठोकत मातीतून उपटलं. अंगावर ऊन पडलं, वारा लागला. आणि ट्रक? उतारावर तसाच उभा, माझ्याशिवाय. एवढी वर्षं ज्या सुटकेसाठी झुरलो ती मिळाली आणि मला रडावंसं वाटलं.

रामलाल मला मांडीवर घेऊन बाजेवर बसला. माझ्या अंगावरच्या चाकाच्या खोल खुणेवरून बोटं फिरवत हळूच म्हणाला, "आपल्या दोघायचं काम सरलं गड्या."

ट्रक उतार उतरला. हंसाबाईच्या घराशी वळला आणि थांबला. हँडब्रेकची करकर इथवर ऐकू आली. अंजू खाली उतरून चालत वर आली.

"उटी राह्यली बा. दे थे. अन् तू बी चाल. लावाले कोणी पाहिजे न."

मित्रांनो, उतारावर तुम्हालाही कुणी ना कुणी धरून ठेवलेलं असतं. रस्ता मोकळा झाला की त्याला वाटेतच टाकून जाऊ नका. उचला आणि गाडीत घ्या.

आता मी केबिनमध्ये सीटखाली असतो आणि माझ्यावर रामलालचे पाय असतात. चढावर गाडी थांबली की अंजू हँडब्रेक ओढते, गाडी गिअरात ठेवते. मग रामलाल मला घेऊन चाचपडत खाली उतरतो, आणि तो परत वर येऊन बसेपर्यंत ती आरशात बघत राहते.