मध्ये बोथट

वस्तरा तिसऱ्यांदा परत आला, तोही घरातले सगळे हजर असताना. तो घेऊन येणाऱ्या सलूनवाल्याला अख्खी गल्ली 'कात्री' म्हणत असे. हाताच्या कामामुळे नव्हे, जिभेमुळे.

"वहिनी, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी खुर्चीत बसलंय," तो दारातूनच म्हणाला. "हा टोकाकडून लोण्यासारखा फिरतो, मुठीकडूनही फिरतो, आणि मध्ये आला की केस उपटतो. दाढी करतोय की गवत काढतोय, मलाच कळेना."

सुनेने हात पुढे केला, पण वस्तरा मामंजींनी आधी घेतला. चाळीस वर्षं त्यांनी वस्तऱ्यांना धार लावली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचं मनगट आखडलं. मुलाला लोखंडाच्या वासानेच शिंका येत, म्हणून दगडासमोर सून बसली. तिला बसवताना मामंजींचा चेहरा राज्य देऊन टाकल्यासारखा होता. दिला मात्र नुसता पाट. धारेचा दगड त्यांचाच राहिला. सकाळी तेच तो फडक्यातून काढून मांडत, संध्याकाळी तेच धुऊन गुंडाळत. दुसऱ्या कुणी उचलायची सोय नव्हती.

"टोकं दाबते ही," मामंजी कात्रीला म्हणाले, सून तिथे नसल्यासारखे. "पहिल्या दिवसापासून सांगतोय, हात हलका ठेव. पण हिचा हात म्हणजे हमालाचा."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य तिने मोजून ठेवलं होतं. आजचं धरून तीन महिन्यांत अकरा वेळा, त्यातल्या पाच वेळा बाहेरच्यांसमोर.

"मी दाबत नाही, मामंजी. दगड मध्ये खोलगट झालाय, दोनदा सांगितलं तुम्हाला. पातं दगडाच्या दोन कडांवर टेकतं, मधला भाग अधांतरी राहतो. जे दगडाला लागतच नाही, त्याला धार कुठून येणार?"

"माझ्या वडिलांचा दगड आहे तो! तुझ्या जन्माच्या आधीपासून..."

"आधीपासून झिजतोय, तेच तर म्हणतेय."

कात्रीने हसू खोकल्यात लपवलं. खाटेवर पेपर वाचत पडलेला नवरा पान न हलवता म्हणाला, "अगं, जाऊ दे ना."

हे वाक्य मात्र तिने मोजायचं केव्हाच सोडलं होतं.

मामंजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बास झालं. उद्यापासून दगडावर माझा पुतण्या बसेल. तू आपलं घर सांभाळ."

पुतण्याने आजवर घरातल्या सुरीलासुद्धा धड धार लावली नव्हती. सून उठली. आता ही रडणार, असं तिघांनाही वाटलं. तिने शिवणाच्या डब्यातून पोलादी पट्टी आणली आणि दगडावर आडवी, कडेवर उभी धरली. पट्टीखालून खिडकीतला उजेड लख्ख दिसला.

"पट्टी वाकडी आहे," मामंजी म्हणाले.

तिने पट्टी उलटी केली. उजेड तसाच.

"दोन्हीकडून वाकडी आहे."

तिने पेन्सिलीने दगडावर उभ्याआडव्या रेघा मारल्या आणि दगड सरळ उचलला.

"ठेव! ठेव तो खाली!"

ती मोरीत गेली. टेबलावरची जाड काच फरशीवर अंथरली, पाणी ओतलं, कुरुंदाची खरबरीत पूड पसरली, दगड त्यावर पालथा घातला आणि घासायला लागली. दातांत कळ जावी असा आवाज घरभर झाला.

"बापाची आठवण घासून टाकतेय माझ्या!" मामंजी दारात येऊन ओरडले. "अरे, बघत काय बसलायस? बायकोला आवर!"

"अगं, जाऊ..."

"एक शब्द बोललात," ती मान वर न करता म्हणाली, "तर दगडानंतर तुमचा नंबर."

पेपर पुन्हा वर गेला.

थोड्या वेळाने तिने दगड धुऊन मामंजींच्या डोळ्यांसमोर धरला. कडांवरच्या रेघा साफ गेल्या होत्या. मधल्या होत्या तशाच होत्या, होडीच्या आकारात. मामंजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ती पुन्हा घासायला बसली. एकेका फटक्याला एकेक 'हमाल' फेडत होती. अकरा कधीच संपले, हात थांबला नाही. तासाभराने शेवटची रेघ गेली.

मग वस्तरा. तीन वेळा त्याच दगडावरून जाऊन पात्याची दोन्ही टोकं झिजली होती, मधलं पोट पुढे आलं होतं. सपाट ओढून भागणार नव्हतं. तिने धारेवर शाईची रेघ ओढली, मुठीकडून सुरुवात केली आणि ओढता ओढता मूठ हलकेच उचलत टोकापर्यंत नेली. शाई कुठे पुसली, कुठे राहिली ते बघायचं, पुन्हा ओढायचं. शाई सगळीकडे सारखी निघू लागली, तेव्हा पातं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं, कात्रीचं मनगट धरलं आणि त्याच्या हातावरची लव एका फटक्यात उतरवली.

"अप्पा, जादू आहे हो!" कात्री मामंजींना म्हणाला.

मामंजींनी घसा साफ केला. "दगड घासायला हवा, मी कधीचा म्हणत होतो."

सुनेने वस्तरा मिटला आणि मुठीत धरला.

"थांबा, भाऊ. मामंजी, मघाशी यांच्यासमोर मला हमाल म्हणालात. यांच्यासमोरच ते परत घ्या. नाहीतर हा वस्तरा मिळणार नाही. आणि पुतण्याला उद्या कशाला, आजच बोलवा."

"वहिनी, माझं गिऱ्हाईक..."

"अर्ध्या दाढीनिशी कुठे जाणार? बसेल."

मामंजींनी भिंतीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मुलगा पेपरमागे होता.

"दगड खोलगट होता," ते पुटपुटले.

"आणि हात?"

"हात... बरोबर होता."

"कुणाचा?"

"तुझा, सूनबाई! तुझा, तुझा! झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली आणि वस्तरा कात्रीच्या हातावर ठेवला.

कसलं समाधान? राग अजून कानशिलात ठणकत होता. कोपऱ्यात आणखी नऊ वस्तरे पडले होते, सगळे त्याच दगडावरून गेलेले, सगळे मध्ये बोथट. तिने पाट पुढे ओढला आणि पहिला उघडला.