वाटीचं माप

गिरजाबाईंनी कमरेची चंची सोडली आणि चांदीची वाटी मुरबाडच्या शेखर सोनारापुढे उपडी ठेवली.

"ही मोड."

"मावशी, ही माझ्या बापानं घडवलेली. काय वाईट झाली?"

"तुज्या बापाला मीच चुकीचं सांगितलं. तू गप आईक."

बाहेर बाकड्यावर त्यांची लेक अनिता बसली होती, ऐन चैत्रात शाल लपेटून. दहा वर्षांपूर्वी कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढला, त्या जागी डॉक्टरांनी सिलिकॉनची पिशवी बसवली. तेव्हा गिरजाबाईंनी गावदेवीला नवस बोलला होता : पोरगी उठू दे, चांदीचं थान वाहीन. पोरगी उठली, पण सोनाराकडे पुरुषमाणसं बसलेली. अख्ख्या वैशाखरे गावाला सोलून काढणारी जीभ नेमकी तिथं अडली. हाताची ओंजळ करून म्हणाल्या, एवढी वाटी दे. देवीपुढे वाटी कुठल्या तोंडानं ठेवणार? ती भाताच्या कणगीत पडून राहिली.

यंदा अनिताची ती बाजू फुगली. पिशवीभोवती पाणी साचलं आणि त्या पाण्यात दुसराच कॅन्सर निघाला, पिशवीभोवती अंगानं धरलेल्या आवरणातला. असा रोगी डॉक्टरांनीही पाहिला नव्हता. पिशवी आणि आवरण, दोन्ही काढलं. आता नुसती नजर ठेवायची, म्हणाले. नवस राहिला म्हणून देवी कोपली, हे गिरजाबाईंनी मनाशी धरलं.

"पिशवीनं झालं, आये. देवीचा काय संबंध?" एवढंच अनिता बोलली. मग दिवसदिवस ओटीवर पाठ करून बसायची. घरात दोघीच. गिरजाबाई कोंबड्यांशी भांडायच्या.

"मग काय घडवू, मावशी?"

आजही दुकानात माणसं होती.

"थान. बाईचं." गिरजाबाई वळल्या. "तुमी काय बघता रे? आयचं पिऊनच वाढलाव ना?"

माना खाली गेल्या. सोनारानं वाटी उचलली.

"ह्याच मापाचं?"

गिरजाबाईंनी पुन्हा ओंजळ धरली, आणि मोडली.

"नाय."

उंबऱ्यात अनिता उभी होती. शालीतून हात काढून तिनं बोटं हळूहळू वळवली, काही धरल्यासारखी.

"एवढं नव्हतं. लहान होतं जरा."

सोनारानं साच्याच्या मेणाचा गोळा पुढे सरकवला. अनिता तो दोन्ही हातांनी दाबत, वळवत राहिली. शाल खांद्यावरून घसरली. सावरायला गिरजाबाईंचा हात उठला, आणि तसाच मागे आला.